चालत्या गाडीत हात कुठे जातो

आग्रही: माझं म्हणणं साधं आहे. सीट, स्टीअरिंग, डोक्यामागचा टेकू, पट्ट्याची उंची, आरसे, हे सगळं गाडी जागची हलण्याआधी लागलं पाहिजे. एसीचंही जेवढं आधी लावता येईल तेवढं आधीच. गाडी शिकवणारे पहिल्या दिवशी हे सांगतात आणि लायसन हातात पडल्यावर सगळ्यात आधी हेच सुटतं. सीटखालची आडवी दांडी उचलली की सीट रुळावर मोकळी होते. दांडी सोडल्यावर ती खाचेत बसल्याचा 'खट्' असा आवाज यायला हवा. तो आला नाही तरी सीट जागेवर असल्यासारखी वाटते, कारण आपल्या वजनानं ती दबून राहते. मग जोराचा ब्रेक लागला की ती पुढे घसरते, नाहीतर चढावर निघताना मागे जाते आणि पाय पेडलवरून सुटतो. म्हणून दांडी सोडल्यावर कमरेनं पुढेमागे हिसका देऊन बघायचं. हेच काम चालत्या गाडीत करायला गेलात तर काय होतं? सीट सुटते, पाय पेडल शोधायला लागतात, तोल सांभाळायला हात स्टीअरिंगला लटकतात आणि स्टीअरिंग वळतं. स्टीअरिंगखालचा खटकाही तसाच. तो सैल केला की ज्याच्या आधारानं आपण गाडी धरून असतो तेच हातात डुलायला लागतं.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी पुढेमागे: क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. मग उंची. मग सीटची पाठ: खांदे टेकलेले असताना हात लांब केला तर मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. मग स्टीअरिंग, त्याचा मध्य छातीकडे रोखलेला असावा, तोंडाकडे नको. मग टेकू. आरसे शेवटी, कारण आधीचा प्रत्येक बदल आरसे बिघडवतो. एवढं करायला फार वेळ लागत नाही. लोक तो देत नाहीत, आणि नंतर तोच वेळ रस्त्यावरून उचलतात.

साशंक: तुमचा क्रम मला पाठ आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. तुमच्या डोळ्यांसमोर मात्र एक चालक आणि त्याची एक गाडी आहे. आमच्या घरात गाडी एक आणि चालवणारे तिघं. नवरा पाच फूट अकरा, मुलगा त्याच्याहून उंच, मी पाच फूट. रात्री शेवटी कोण चालवून आलं त्यावर माझी सकाळ ठरते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकामागे एक गाड्या. मागचा उशीर होतोय म्हणून हॉर्न देत असतो. तेव्हा मी काय करते? सीटच्या कडेवर बसून गाडी आधी बाहेर काढते आणि मग फाटकाबाहेर सीट लावते. असं करणाऱ्या हजारो बायका तुम्हाला भेटतील. आपली सीट स्वतः लक्षात ठेवणाऱ्या गाड्या आहेत, पण त्या आमच्या पैशांत बसत नाहीत. आमच्या पैशांत जी बसते तिचं स्टीअरिंग फक्त वरखाली होतं, जवळ-लांब होत नाही. सीट उंच करायची सोय वरच्या मॉडेलला आहे, आमच्या नाही. खांद्यावरच्या पट्ट्याची उंची बदलत नाही, त्यामुळे तो माझ्या गळ्याला घासतो. आता सांगा, जेवढं लावता येतं तेवढं सगळं लावूनही जी त्या जागेत बसत नाही, तिला तुम्ही शिस्त कसली शिकवणार?

आग्रही: आधी त्या पार्किंगबद्दल बोलू, कारण तिथे मी अडून बसणार. गाडी हळू आहे म्हणून सीटच्या कडेवर बसून काढली तरी चालते, हा समज घातक आहे. पार्किंगमध्येच खांब असतात, रिव्हर्स घेणारे असतात, दप्तर घेऊन धावणारी मुलं असतात. तिथे ब्रेकवर पाय पुरता पोचला नाही तर वेग कमी असल्याचा काही उपयोग नाही. हॉर्न देणाऱ्याला थांबू द्या. त्याच्या घाईची किंमत तुम्ही तुमच्या पायांनी का मोजायची?

उंचीचं म्हणाल तर कमी उंचीच्या चालकानं हे सगळ्यात जास्त काटेकोरपणे केलं पाहिजे. आपल्याकडे जुलै २०१९ पासून चालकासमोरची एअरबॅग सक्तीची झाली. ती पिशवी धडकेनंतर सेकंदाच्या पंचवीस-तिसाव्या भागात फुगते. पूर्ण फुगलेल्या पिशवीवर माणूस आदळला तर ती वाचवते. फुगत असतानाच छाती तिच्या तोंडाशी असेल तर तीच बरगड्या मोडू शकते. म्हणून अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्यानं छातीचं हाड आणि स्टीअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगितलंय. ते अंतर मिळवायला काय करायचं हेही सांगितलंय: पाय पोचतो तिथपर्यंत सीट मागे, पाठ थोडी कलती, आणि त्यानं रस्ता दिसेनासा झाला तर सीट वर. तुम्ही टेप घेऊन एकदा मोजलंत का?

साशंक: मोजलंय. क्लच तळापर्यंत दाबून मोजलं तर पंचवीस होत नाही. पाठ कलती केली की होतं, पण मग बोनटच्या पलीकडचा रस्ता दिसत नाही. खाली उशी घेतली की दिसतो, पण मऊ उशी ब्रेकबरोबर सरकते आणि धडकेत दबते. ती दबली की कमरेचा पट्टा हाडावरून पोटावर चढतो. म्हणजे एक दुरुस्त करायला गेलं की दुसरं बिघडतं. कारण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळाव्यात असं माझं शरीर ही गाडी आखणाऱ्यासमोर नव्हतंच.

याला इतिहास आहे आणि तो मोटारींच्या आधी विमानांत घडलाय. अमेरिकेच्या हवाई दलानं कॉकपिट सरासरी वैमानिकाच्या मापाचं केलं होतं. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकानं ४,०६३ जणांची मापं तपासली. त्यांतली दहा मापं घेतली आणि प्रत्येकाला मधल्या पट्ट्यात बसायला चांगली सैल जागाही दिली. दहाही मापांत सरासरी निघालेला एकही माणूस सापडला नाही. त्याचा अहवाल १९५२ चा आहे. पाय आखूड असणाऱ्याचे हात लांब निघतात, छाती रुंद असणाऱ्याची कंबर बारीक असते. सरासरीसाठी केलेली जागा म्हणजे कुणासाठीच न केलेली जागा, एवढं त्यानं दाखवून दिलं. तरी गाड्यांच्या धडक चाचण्यांत दशकानुदशकं पुढच्या सीटवर बसत आलेला मुख्य पुतळा मध्यम पुरुषाच्या मापाचा आहे, साधारण १७५ सेंटिमीटर आणि ७८ किलो. लहान चणीच्या स्त्रीचा पुतळा आहे, सुमारे दीड मीटर आणि ४९ किलोचा, पण बहुतेक वेळा तो चालकाच्या जागी नसतो. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या अपघातांची आकडेवारी तपासली. पट्टा लावलेल्या स्त्री-चालकांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता तशाच धडकेतल्या पुरुषांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त निघाली. या बायकांनी पट्टा लावला होता. तुमच्या नियमाची पहिली पायरी त्यांनी पाळली होती.

आग्रही: त्या आकड्याला पुढची बाजू आहे, तीही सांगायला हवी. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्तासुरक्षा संस्थेनं २०२१ मध्ये हाच प्रश्न पुन्हा तपासला. फरकाचा बराच भाग बायका लहान आणि हलक्या गाड्या चालवतात यातून, आणि कोणती गाडी कुठून आदळली यातून आलेला दिसला. पायांच्या दुखापतींतला फरक मात्र तरीही उरला, तो मी नाकारत नाही. पण डॅनियल्सच्या गोष्टीचा शेवट तुम्ही अर्ध्यावर सोडलात. हवाई दलानं त्यावर उपाय काय केला? सीट पुढेमागे होणारी केली, पेडल हलवता येतील असे केले, पट्टे आणि शिरस्त्राणाचे बंद कमीजास्त करता येतील असे केले. सगळ्यांना बसेल अशी एकच जागा नसते, म्हणून प्रत्येकानं आपल्यापुरती जागा लावून घ्यायची. सीटखालची ती दांडी त्याच विचारातली आहे. ती आहे आणि वापरली नाही तर आपण पुन्हा सरासरीच्या कॉकपिटात जाऊन बसतो, या वेळी स्वतःच्या हातानं.

डोक्यामागच्या टेकूचंच बघा. तो वर ओढायला पैसे लागत नाहीत, वरचं मॉडेल लागत नाही. बहुतेक गाड्यांत तो शोरूममधून आला त्याच, सगळ्यात खालच्या खाचेत असतो. मागून धडक बसते तेव्हा धड सीटबरोबर पुढे ढकललं जातं आणि डोकं मागे राहतं. टेकू मानेच्या पातळीला असेल तर डोकं त्याच्यावरून मागे वाकतं, म्हणजे नसता तर बरं असं होतं. त्याचा माथा आपल्या डोक्याच्या माथ्याजवळ आणि डोक्यापासून चार बोटांच्या आत हवा. तुमच्या घरातल्या तिघांपैकी कुणी तो कधी हलवलाय?

साशंक: नाही. आणि आता हलवीन. मात्र यातून तुमचा मुद्दा सिद्ध होतो तो सीटपुरता. सीट थांबू शकते. चुकीची असली तरी पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत ती तशीच राहते. गाडीतली हवा थांबत नाही. सकाळी पुण्यातून निघताना लावलेला एसी खंडाळ्यात चुकीचा होतो, आणि त्यात माझ्याकडून कसलाही आळस झालेला नसतो.

पावसाळ्यातला घाट घ्या. ताम्हिणी किंवा आंबोली. काच बघता बघता पांढरी होते. ती आतून पांढरी झाली की बाहेरून, यावर उपाय उलटा होतो, आणि हे चालवणाऱ्याला त्या क्षणी समजावं लागतं. भिजलेली चार माणसं गाडीत बसली, काचा बंद, थंडी वाजते म्हणून कुणी एसी बंद करायला लावला, की आतला दमटपणा थंड काचेवर आतून बसतो. तेव्हा एसी हवाच. उलट एसी तासभर जोरात चालू आहे, झोत काचेवर आहे, काच गार पडली आहे आणि बाहेर कोकणातली ओली उबदार हवा आहे, तर तीच वाफ काचेवर बाहेरून धरते. तेव्हा काचेवरचा गार झोत वाढवणं म्हणजे वाफ वाढवणं. किती जण आतून हातानं काच पुसत राहतात आणि काही फरक पडत नाही म्हणून घाबरतात! मी स्वतः पाहिलंय, एका हातात फडकं, एका हातात स्टीअरिंग, डावीकडे कडा, उजवीकडून बस खाली येतेय. आता तुमचा 'निघण्याआधी' इथे कुठे बसवू? थांबायला कडेला जागा नाही. थांबलं तर मागून येणाऱ्याची काचही तशीच पांढरी आहे.

आग्रही: हे तुम्ही फार नेमकं मांडलंत आणि मला ते मान्य आहे. तरी यातला मोठा भाग आधी करता येतो, कारण यामागचं कारण आधी कळू शकतं. एसी हवा नुसती गार करत नाही, कोरडीही करतो. डॅशबोर्डमागच्या थंड नळ्यांवर हवेतली वाफ पाणी होऊन जमते आणि ते पाणी गाडीखाली ठिबकतं. उन्हाळ्यात थांबलेल्या गाडीखाली जे ओलं दिसतं ते हेच. हे ज्याला ठाऊक आहे तो पावसात थंडी वाजली तर एसी बंद करणार नाही. एसी चालू ठेवून तापमानाची मूठ गरमकडे फिरवेल. कोरडी आणि कोमट हवा मिळेल, काच स्वच्छ राहील. घाट लागण्याआधी, सपाटीवर असतानाच, आतली हवा फिरवण्याचं बटण बंद करून बाहेरची हवा घ्यायची. मग पुढच्या काचेचं बटण कुठे आहे ते बोटानं चाचपून ठेवायचं. बहुतेक गाड्यांत ते दाबलं की एसी आपोआप सुरू होतो, बाहेरची हवा येते आणि झोत काचेवर जातो. काच बाहेरून धरली तर आधी वायपर. एका फटकाऱ्यात निघाली तर वाफ बाहेर होती हे कळलं, वेगळी परीक्षा नको. मग झोत काचेवरून काढून पायांकडे वळवायचा आणि तापमान थोडं वाढवायचं.

आतली हवा फिरवण्याच्या त्या बटणाचं असंच आहे. बोगद्यात किंवा धूर ओकणाऱ्या ट्रकच्या मागे ते चालू करणं बरोबर. पण समृद्धी महामार्गावर चार माणसांना घेऊन तीन तास ते चालूच राहिलं, तर आत सोडलेला श्वास आतच फिरतो. डोकं जड होतं, जांभया येतात आणि चालकाला वाटतं की रस्ता सरळ आहे म्हणून झोप येतेय. हे निघतानाच लक्षात ठेवायचं. मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचंही तेच. आधी चारी काचा खाली, ब्लोअर जोरात, मिनिटभर आतली भट्टीसारखी हवा बाहेर जाऊ द्यायची, स्टीअरिंग हातात धरवतं का ते बघायचं आणि मग निघायचं. पोळणारं स्टीअरिंग बोटांच्या टोकांनी धरून निघालेला माणूस पहिल्या वळणावर ते नीट फिरवू शकत नाही.

साशंक: 'बोटानं चाचपून ठेवायचं' म्हणालात. माझं पुढचं म्हणणं त्याच वाक्यावर आहे. चाचपायला काही असलं पाहिजे. आता ज्या गाड्या येतायत त्यांत मधोमध एक सपाट पडदा असतो आणि पंखा, तापमान, झोत हे सगळं त्याच्यात असतं. बोटाला सगळीकडे तीच गुळगुळीत काच लागते. आधी योग्य पान उघडायचं, मग चित्र शोधायचं, मग रस्त्यातल्या खड्ड्यानं बोट हललं की भलतीकडेच लागतं. स्वीडनमधल्या 'व्ही बिलेगारे' या मोटार मासिकानं २०२२ मध्ये अकरा नव्या गाड्या आणि २००५ सालची एक जुनी व्होल्व्हो घेऊन चाचणी केली. ताशी ११० किलोमीटर वेगानं जाताना तापमान वाढवणं, काचेची वाफ घालवणं, रेडिओ लावणं अशी ठरलेली कामं. चालकांना गाडी ओळखीची व्हावी म्हणून आधी वेळही दिला होता. बटणांच्या जुन्या गाडीत ती दहा सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. पडद्याच्या सगळ्यात मागे पडलेल्या गाडीला ४४.९ सेकंद लागले, १,३७२ मीटर. म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त रस्ता, अर्धवट पाहिलेला.

आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानाचे वैमानिक उतरल्यावर पंखांच्या झडपांऐवजी चाकं आत ओढून घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञानं पाहिलं तर दोन्ही खटके शेजारी होते आणि हाताला सारखेच लागत होते. त्यानं एकाला छोटं रबरी चाक लावलं, दुसऱ्याला झडपेसारखी पाचर. न बघता हाताला कळायला लागलं. वैमानिकांना कुणी जास्त शिस्त शिकवली नव्हती. हे चाळीसच्या दशकात कळलेलं होतं. आपण ते मोडून टाकलं आणि वर चालकाला सांगतो की बाबा, निघण्याआधी लाव.

आग्रही: पडद्याबद्दल मी तुमच्याच बाजूचा आहे. अमेरिकेच्या त्याच महामार्ग सुरक्षा खात्यानं २०१३ मध्ये गाडी बनवणाऱ्यांना सल्ला दिला होता की एका नजरेला दोन सेकंदांहून जास्त लागू नये आणि अख्खं काम नजरेच्या बारा सेकंदांत आटपावं. दोन सेकंद म्हणजे द्रुतगती मार्गावर ताशी १०० च्या वेगाला पंचावन्न मीटर, समृद्धीवर १२० च्या वेगाला सहासष्ट. सल्लाच तो, सक्ती नव्हे. युरोपात गाड्यांना तारे देणारी युरो एनकॅप संस्था २०२६ पासून पूर्ण तारे द्यायला हातानं दाबायची खरी बटणं मागते, पण कशासाठी? इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक. काचेची वाफ घालवण्याचं बटण त्या यादीत नाही. मला ती उणीव वाटते.

पण पडद्याविरुद्ध बोलताना जुन्या मुठीला निर्दोष ठरवू नका. मूठ फिरवणारेही खाली बघतात. आणि ज्यांच्या गाडीत आपोआप चालणारा एसी आहे, त्यांतले किती जण चोवीसवर ठेवून त्याला त्याचं काम करू देतात? गरम झालं की अठरा, गार पडलं की सव्वीस. ऑटोवर असताना अठरा केलं म्हणून गाडी लवकर गार होत नाही, ती आधीच पूर्ण जोरात चालत असते. हात रिकामा राहत नाही म्हणून तिकडे जातो. ही सवय पडद्यानं लावलेली नाही, ती आधीपासून आहे.

साशंक: हात रिकामा राहत नाही हे खरं. पण सगळेच हात स्वतःच्या मर्जीनं जात नाहीत. आतापर्यंत आपण दोघंही स्वतःची गाडी चालवणाऱ्यांबद्दल बोललो. मुंबई-पुण्यात रोज किती माणसं दुसऱ्याची गाडी चालवतात! महिन्याच्या पगारावरचे, आणि फोन करून एका संध्याकाळपुरते बोलावलेले. अशा बदली ड्रायव्हरला मालकाची सीट हलवायची चोरी असते. 'साहेबांची सेटिंग' बिघडली तर उद्या कटकट. मग तो सहा फुटी माणसाच्या जागेत स्टीअरिंगला ओढून धरून तीन तास बसतो. आरसे अर्धे दिसतात. एसी तर त्याच्या हातातच नसतो. मागून आवाज येतो, गार होतंय, बंद करा. तो बंद करतो. काच धरायला लागते. तो पुन्हा लावतो, पुन्हा आवाज येतो. आणि रात्री साहेब लग्नात असताना तो काचा लावून, इंजिन चालू ठेवून, एसीत झोपतो, कारण बाहेर डास आहेत आणि त्याला दुसरी जागा दिलेली नाही. धुराची नळी कुठे गळत असेल किंवा गाडी बंदिस्त तळघरात असेल, तर आत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्याला ते कळतही नाही. तुमच्या नियमातला 'चालक' म्हणजे ज्याला गाडीत काही हलवायचा अधिकार आहे असा माणूस. हा माणूस त्यात कुठे आहे?

आग्रही: तो त्यात नव्हता. नियम सांगताना मी गृहीत धरलं होतं की ज्याच्या हातात स्टीअरिंग त्याच्या हातात बाकीचंही. ते तसं असायला हवं असं मी अजून म्हणतो, पण सांगायचं कुणाला ते बदलतं. बदली ड्रायव्हर दारात आला की मालकानं स्वतः म्हणायला हवं, आधी सीट लावून घ्या, आम्ही थांबतो. शेजारी बसणाऱ्यानं पंखा आणि पडदा सांभाळायचा, आणि काचेच्या बाबतीत चालकाचा शब्द मानायचा, थंडी वाजली तरी. शेजारी बसणाऱ्यावर स्वतःचीही जबाबदारी आहे. सीट आडवी करून झोपला तर पट्टा छातीपासून सुटतो आणि धडकेत शरीर त्याच्या खालून सरकतं. डॅशबोर्डवर पाय टाकून बसला तर त्या पायांमागेच एअरबॅग आहे. हे सगळं चालकाला सांगून होणार नाही, एवढं मान्य. पण तुम्ही मान्य करा की कायद्यानं किंवा कारखान्यानं बदलायचं म्हटलं तर वेळ लागतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. आज विकलेली पडद्याची गाडी पंधरा पावसाळे घाटात चालणार. तोवर कुणीतरी काहीतरी करायला हवं, आणि ते गाडीत बसलेल्यांनाच करावं लागणार.

साशंक: मान्य. पण मग घाटातल्या त्या माणसावर या. पाऊस पडतोय, गाडी त्याची नाही, मागे दोघं झोपलेत, झोपण्याआधी त्यांनी एसी बंद करायला लावला. आता काच आतून धरतेय. वाफ घालवायचं बटण पडद्यात दोन पानं आत आहे. थांबायला जागा नाही. तुमचा नियम म्हणतो, चालत्या गाडीत त्या पडद्याला हात लावू नको.

आग्रही: खिडकीची काच दोन बोटं खाली घ्यायची. ते बटण दारावर असतं, न बघता लागतं. आतबाहेरची हवा थोडी सारखी झाली की वाफ हटायला लागते. वेग कमी करायचा, दिवे लावायचे आणि मागच्यांना उठवायचं.

साशंक: पाऊस आत येईल. मागचा ओरडेल, काच लाव.

आग्रही: मग तो पडद्याला हात लावील, आणि मी त्याला चूक म्हणू शकणार नाही.

साशंक: मी तर म्हणणारच नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळा. त्या दोन सेकंदांत समोरून बस आली, तर पोलिसांच्या कागदावर 'चालकाचं दुर्लक्ष' असं लिहिलं जाईल. तिथे मागच्या माणसाचा आवाज येणार नाही, पडद्यातली ती दोन पानं येणार नाहीत. तुमचा नियम जितका पक्का होईल तितकं ते लिहिणं सोपं होईल.

आग्रही: आणि नियम सैल केला तर तुमच्या पार्किंगमधली गाडी उद्याही सीटच्या कडेवर बसूनच निघेल. तिथे मागून कुणी ओरडत नव्हतं, फक्त हॉर्न वाजत होता. या दोन जागांना एकच नियम कसा पुरेल ते मला अजून सांगता येत नाही. पण दोन नियम केले, तर कुठला कुठे लागू हे ठरवणाराही शेवटी स्टीअरिंगमागेच बसलेला असेल.

साशंक: किंवा मागच्या सीटवर.